चढावरचा ठेका

॥ श्री ॥

दहिवली, कर्जत
२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रिया हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या घरात भांडण तोंडी करायचे नाही. कागदावर उतरवायचे, एक रात्र उशाखाली ठेवायचे आणि तरीही करावेसे वाटले तरच टपालात टाकायचे, हा तुझ्या आजोबांचा दंडक. हे पत्र रात्र काढून आले आहे, हे ध्यानात घे.

तुमच्या ‘भोंगा’ बँडला या महिन्यात पाच वर्षे होतात. तू गिटार घेऊन गातेस, राकेश बेस वाजवतो, केतन ड्रम्स. रॉक म्हणजे निव्वळ आरडाओरडा, हे माझे मत मी तुमच्या दुसऱ्याच कार्यक्रमानंतर मागे घेतले होते. आता पहिला अल्बम होणार, तेव्हा एक दोष दाखवणे मला भाग आहे. ‘पायथा’ हे तुमचे सर्वांत चांगले गाणे. पण त्याचा ठेका पळतो. मी मोजले आहे. पहिल्या कडव्यात मिनिटाला शहाण्णव ठोके, शेवटच्या कडव्यात एकशे आठ. केतन गुणी आहे, परंतु त्याला हात आवरत नाही. सोबत टिकटिक करणारे तालयंत्र पाठवतो आहे. ते कानाला लावूनच त्याने वाजवावे.

तुझ्या आईला, चारुलताला सांग, माझा गुडघा तसाच आहे. जिना पाहिला की कुरकुरतो.

उत्तर रागाने लिहिलेस तरी चालेल, माया तेवढी उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
शरच्चंद्रमामा

---

शिळफाटा, खोपोली
१६ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं यंत्र पोचलं. आई म्हणाली, दादाला घरातली घड्याळं पुरेनाशी झाली वाटतं.

केतनने ते फार मनावर घेतलं. मामा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून महिनाभर रोज दोन तास ते कानाला लावून बसला. मग आम्ही ‘पायथा’ रेकॉर्ड केलं. ठेका अगदी पट्टीने आखल्यासारखा आला. राकेश म्हणाला, एसटी स्टँडवरची घोषणासुद्धा यापेक्षा जीव ओतून करतात. केतनने ते एकदाच ऐकलं. हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि सांगितलं की आपला हात जागेवर नाही, ज्याचा असेल तो माणूस बघा.

त्याला आठ दिवस झाले. फोन उचलत नाही. राकेशचं म्हणणं, कॉम्प्युटरचा ठेका घेऊ आणि अल्बम उरकू. मी त्याला म्हटलं, मग ‘भोंगा’ हे नावही कॉम्प्युटरलाच देऊन टाक. मामा, आम्ही तिघंच आहोत. त्यातला एक गेला तर दोन उरत नाहीत, काहीच उरत नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे. पण हे दुसऱ्या कोणाला लिहावंसंही वाटलं नाही.

गुडघ्याला तेल लावत जा आणि माझ्यावर लोभ ठेवा, मी भांडले तरी.

तुमची,
श्रिया

---

दहिवली, कर्जत
२३ मार्च २०२५

श्री. केतन सुनील गायकवाड यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

श्रियाच्या पत्रानंतर मी माझी वही पुन्हा उघडली. तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात मी घड्याळ लावून बसतो, हे तुम्हांस ठाऊक आहे. त्यावरून तुम्ही माझी नक्कल करता, हे मला ठाऊक आहे. ‘पायथा’ आजवर सात वेळा लोकांपुढे वाजले. पाच वेळा ते बरोबर चार मिनिटे अकरा सेकंदांत संपले. एकदा एक सेकंद कमी, एकदा एक सेकंद जास्त. ज्याचा हात सुटतो, त्याचा तो सात वेळा नेमका तेवढाच कसा सुटेल?

हे आकडे मीच लिहिले होते. ते एकाखाली एक ठेवून कधी वाचले मात्र नव्हते. तुम्ही चढ बांधला होता आणि मी त्याला घसरण म्हटले. चूक माझी आहे. ती श्रियामार्फत न कळवता स्वतःच्या हाताने लिहावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हा चढ कुठून आला, हे सांगावेसे वाटले तर जरूर सांगावे. परतण्याविषयी मी काही सुचवत नाही. सुचवण्याचा माझा अधिकार तूर्त मी गमावला आहे.

राग असेल तेवढा असो, ओळख राहावी.

आपला,
शरच्चंद्र

---

भिवपुरी
२ एप्रिल २०२५

मामांस,
सप्रेम जय भीम.

तुमी मला अहो-जाहो लिवलं. आई म्हणाली, कोर्टाचा कागद आला काय रं?

श्रियानं तुमच्या घरचा नियम सांगितलेला. म्हणून हे पत्र मी पन उशाखाली ठेवलं. राग गेला नाय. मग दुसऱ्या राती ठेवलं. आता थोडा हाय, तो असू द्या.

चढ माझ्या बाबांचा हाय. आमच्या गावात चौदा एप्रिलची मिरवणूक निघते, विहार वर टेकडावर. चढ लागला की मानसं दमतात, म्हाताऱ्या बाया मागं पडतात. तवा बाबा ढोलाचा ठेका जरासा उचलायचे. एकदम नाय. कुनाला कळू नये असा. पाय आपोआप उचलतात. वर पोचल्यावर मागं कोनी नसतं. बाबा गेल्यापासनं मी वाजवतो. ‘पायथा’त तोच ठेका हाय. कुनाला सांगितलं नव्हतं, सांगायसारखं वाटलं नाय. तुमची मशीन लावली तर बाबांचा हात काढून घेतल्यावानी झालं.

बँडचं आता काय बोलत नाय. चौदा तारखेला सकाळी नऊला या. खुर्चीत बसून ऐकायचं नाय, चालायचं. घड्याळ घरी ठेवा.

आईनं जेवायला थांबायला सांगितलंय, नाय म्हणू नका.

केतन

---

॥ श्री ॥

दहिवली, कर्जत
१५ एप्रिल २०२५

चि. श्रिया हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल केतनच्या गावी जाऊन आलो. घड्याळ नेले नव्हते, त्यामुळे चढाला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. माझ्या पुढे एक आजी होत्या, ऐंशीच्या घरातल्या. पायथ्याशी त्यांनी माझ्याकडे पाहून, तुमचं काय खरं नाय, असे म्हटले. वळणाच्या वर ठेका बदलला असणार. मी ऐकण्यासाठीच गेलो होतो आणि तरीही मला तो कळला नाही. कळले ते विहाराच्या पायरीवर पोचल्यावर. आजी शेजारीच होत्या.

केतनने पाण्याचा तांब्या हातात देताना तुझ्यासाठी निरोप दिला: रविवारी दहाला येतो, ‘पायथा’ पुन्हा रेकॉर्ड करू, मशीन लावायची नाही. मी साडेनऊलाच येऊन ते यंत्र घेऊन जाईन. चारुलताला हवे असल्यास कुकरपाशी ठेवू.

तिला हेही सांग की गुडघा दुखला, पण उतरताना. चढताना नाही.

माझ्यावरचा राग आता उशाखालून काढ, लोभ तिथेच राहू दे.

तुझा,
शरच्चंद्रमामा