काळ्या चौकटीतले वक्ते

ता. ३ फेब्रुवारी

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही पदरचं घालता. गेल्या वेळी मला साधी सर्दी झाली होती, ती तुमच्या तोंडून घरी पोचेपर्यंत न्यूमोनिया झाली.

काम असं आहे. आमच्या संस्थेनं मार्चच्या वीस तारखेला शिक्षण आणि करिअर परिषद ठरवली आहे. शाळा संपवून बाहेर पडणारी मुलं येणार, वेगवेगळ्या व्यवसायांतले वक्ते त्यांच्याशी बोलणार. प्रत्येक वक्त्याचा परिचय पुस्तिकेत छापायचा आहे आणि तो माझ्या गळ्यात पडला आहे. वक्त्यांनी स्वतःचे परिचय पाठवलेत. दंतवैद्यांना लहानपणापासून दंतवैद्य व्हायचं होतं. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरना लहानपणापासून पूल बांधायचे होते. वैमानिक बाईंना तर पाळण्यातच आकाश खुणावत होतं म्हणे. संस्थेच्या मॅडमनी हे वाचून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, यात एकही जिवंत माणूस नाही.

तेव्हा तुमची आठवण झाली. जन्मभर वर्तमानपत्रात तुम्ही माणसांच्या आयुष्याचे चार परिच्छेद केलेत. ती माणसं वारलेली होती, हा भाग वेगळा. एवढं करून द्याल का?

खरं सांगते, काका, माझं सगळं या परिषदेवर अडलं आहे. ती नीट पार पडली तर मॅडम नोकरी कायम करतील, नाहीतर महिनाअखेर कागद हातात. मग मी परत येणार कुठे? दीड वर्षापूर्वी बाबांचं चष्म्याचं दुकान सोडून इथे आले, तेव्हा बाबा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जी स्वतः एका जागी टिकत नाही, ती दुसऱ्यांच्या मुलांना काय रस्ता दाखवणार. त्यानंतर एक शब्द नाही. आई फोनवर सगळं बोलते, पण बाबांचा विषय काढला की तिचं दूध उतू जातं.

लोभ आहेच. तो मॅडमच्या धीरापेक्षा जास्त टिकावा.

तुमची,
भिंगरी


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काम घेतलं. वक्त्यांचे पत्ते पाठव. माझी पद्धत मात्र मी बदलणार नाही, हे आधीच सांगतो. ज्याच्यावर लिहायचं त्याला मी कधीच काही विचारत नाही. माझ्या धंद्यात तो माणूस उपलब्ध नसायचा, हे एक. दुसरं म्हणजे, स्वतःबद्दल माणसाला फारशी माहिती नसते. बायको, बहीण, शेजारी, जुना सहकारी यांना विचारावं. त्यांच्याकडे सगळं असतं आणि ते सांगायला टपलेले असतात.

तुझा बाप ठीक आहे. रोज संध्याकाळी मी दुकानात जाऊन बसतो, तो चहा मागवतो आणि माझा चष्मा काढून घेऊन पुसतो, कारण तो मळका आहे हे त्याला बघवत नाही. शेजारचा शिंपी रोज दारातून डोकावून विचारतो, मुलगी दिसत नाही? दादा रोज सांगतो, बाहेरगावी गेलीय. दीड वर्ष तू बाहेरगावी आहेस. शिंप्यालाही कळलं आहे, पण तो चिवट आहे.

तुझं स्टूल आहे तिथेच आहे. परवा एक गिऱ्हाईक त्यावर बसायला गेलं तर दादानं त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर चहा बंद झाला असता.

तुझी काकू आशीर्वाद सांगते आणि न्यूमोनिया बरा झाला का विचारते. माया कमी करू नकोस, कामं मात्र थोडी कमी पाठव.

तुझा,
काका


ता. २४ फेब्रुवारी

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

परिचय मिळाले. मी ते एकटीनं वाचले हे बरं झालं, कारण मी जी हसले ते कचेरीत शोभलं नसतं.

काका, तुम्ही सगळ्यांना मारून टाकलं आहे. दंतवैद्यांच्या परिचयाच्या शेवटी लिहिलंय, त्यांच्या मागे पत्नी व दोन मुलगे असा परिवार आहे. इंजिनिअरांची उणीव त्यांच्या गल्लीत दीर्घकाळ जाणवत राहणार आहे. ते गृहस्थ काल आमच्याकडे येऊन पार्किंगची चौकशी करून गेले.

पण मधला मजकूर! दंतवैद्यांना घड्याळजी व्हायचं होतं आणि अजूनही ते रविवारी घरातली घड्याळं उघडून बिघडवून ठेवतात, हे त्यांच्या पत्नीनं सांगितलं. इंजिनिअर गणितात दोनदा नापास झाले, हे बहिणीनं सांगितलं. वैमानिक बाई घरात शिडीवर चढायला घाबरतात, दिवा बदलायचा तर सासूबाई चढतात, हे सासूबाईंनीच सांगितलं. मॅडमनी वाचलं आणि नापास, शिडी, घड्याळं आणि 'मागे परिवार' हे सगळं तांबड्या पेननं खोडलं. उरलं ते पुन्हा मूळ परिचयांसारखंच झालं आहे. दुरुस्त्या केलेली पानं सोबत पाठवते. आमच्या छापखान्यात महिनाभराची रांग आहे, म्हणून तुमच्या जुन्या छापखान्यातून छापून घ्याल का?

आणखी एक संकट. शेवटच्या सत्राला एक बडे बँकवाले येणार होते, ते परदेशी निघाले. जागा रिकामी आहे. मॅडम म्हणाल्या, एकाच व्यवसायात आयुष्य काढलेला माणूस हवा, म्हणजे मुलांना चिकाटी कळेल. तुमच्या ओळखीत कुणी आहे का? जिवंत असावा.

राग नसावा, लोभ असावा, परिवार मागे नसावा.

तुमची,
भिंगरी


ता. १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मॅडमच्या दुरुस्त्या वाचल्या. योग्य त्या घेतल्या. छापखान्याचे मालक माझे जुने स्नेही, त्यांना समजावत बसावं लागत नाही. वर 'नेहमीप्रमाणे' एवढं लिहिलं की पुरतं.

माणूस आहे. एकाच दुकानात, एकाच खुर्चीत आयुष्य काढलेला. काल मी दादाला विचारलं. सरळ नाही म्हणाला. भाषण करायला मी काय पुढारी आहे का, म्हणाला. मग एक चष्मा पुसला. मग विचारलं, सभागृहात उजेड कसा असतो. मग दुसरा चष्मा पुसला. कुणाचा कार्यक्रम हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नाही. निघताना फक्त म्हणाला, तिच्या खोलीपासून ते सभागृह लांब पडतं का. मी म्हटलं, मला काय माहीत. येतो म्हणाला.

आता त्याचा परिचय. नियम तुला ठाऊक आहे, त्याला विचारायचं नाही. मी भाऊ आहे, मला थोडं माहीत आहे, पण मुलीकडची माहिती वेगळी असते. काय ते लिहून पाठव. लाजू नकोस, आणि त्याच्यावर चिडायचं असेल तर वेगळ्या कागदावर चीड.

तुझा,
काका


ता. ६ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मॅडमना मी सांगितलं की वक्ते माझ्या ओळखीचे आहेत. तसे ते होतेच.

माहिती लिहिते. नवा चष्मा दिला की बाबा गिऱ्हाइकाला दारात उभं करतात आणि समोरच्या दुकानाचा फलक वाचायला लावतात. यंत्रावर त्यांचा विश्वास आहे, पण फलकावर जास्त आहे. समोरच्यानं एकदा फलक बदलला तर बाबा रस्ता ओलांडून तक्रार करायला गेले, की न विचारता अक्षरं मोठी केलीत, आता माझ्या गिऱ्हाइकांची नजर कशी कळणार. समोरच्यानं खालच्या ओळीत मुद्दाम बारीक अक्षरं घालून घेतली. ती अजून आहेत.

छातीच्या खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतो. झोपताना सदरा बदलला तरी तो दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात जातो.

आणि एवढ्यावर माझं पेन थांबलं, काका. त्यांना काय व्हायचं होतं, हे मला माहीतच नाही. रोज पोरांना मी हाच प्रश्न विचारते, त्याचे पैसे घेते, आणि बापाला एकदाही विचारला नाही. मला वाटायचं ते चष्म्याच्या दुकानातच जन्मले. मला त्यांची फार आठवण येते. हे परिचयात घालू नका.

परिषद पार पडू दे, एवढाच आशीर्वाद या खेपेला जास्तीचा द्या.

तुमची,
भिंगरी


ता. २१ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तिका परिषदेच्या दिवशी सकाळी, माणसं आत येत असताना पोचल्या. मी गठ्ठा फोडला आणि तिथेच खुर्चीवर बसले.

तुम्ही 'नेहमीप्रमाणे' लिहिलंत आणि तुमच्या स्नेह्यांनी नेहमीप्रमाणे छापलं. प्रत्येक वक्त्याच्या फोटोला जाड काळी चौकट. आणि मॅडमच्या दुरुस्त्यांपैकी योग्य त्या घेतल्या म्हणालात, त्या कोणत्या हे मी शोधते आहे. नापास आहे, शिडी आहे, घड्याळं आहेत, मागे परिवारही आहे.

दुसऱ्या पुस्तिका आणायला वेळ नव्हता. मॅडम म्हणाल्या, आहेत त्या वाटून टाक. त्यांचा आवाज अगदी शांत होता. दंतवैद्यांनी आपला परिचय दोनदा वाचला आणि बाहेर जाऊन पत्नीला फोन केला. इंजिनिअर चौकटीवरून बोट फिरवत बसले. वैमानिक बाईंनी सासूबाईंसाठी आणखी प्रती मागितल्या. पण मुलं, काका! एरवी अशा कार्यक्रमाला पोरं मागच्या दारानं पळतात. काल एकही उठलं नाही. इंजिनिअरना पहिला प्रश्न आला तो दुसऱ्यांदा नापास झाल्यावर घरी कसं सांगितलंत हा. त्यांनी आणलेलं भाषण खिशात घातलं आणि त्यावरच बोलले.

मग शेवटचं सत्र. वक्त्याचा परिचय मीच वाचायचा होता. गडबडीत तो मी आधी पाहिलाही नव्हता. माईकवर मोठ्यानं वाचायला लागले:

चष्मेवाले. दुकानात बसण्यापूर्वी त्यांनी औषधवाल्याकडे बाटल्या धुतल्या, फोटोवाल्याकडे दिवे धरले, नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागले आणि सुटले. मग शाळेत चित्रकला शिकवायला लागले. त्यांना चित्रकलेचे शिक्षकच व्हायचं होतं. वडील म्हणाले, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जो स्वतः एका जागी टिकत नाही तो दुसऱ्यांच्या मुलांना काय रस्ता दाखवणार. त्यांनी शाळा सोडली आणि चष्म्याच्या दुकानात बसले. आई त्यांना भिंगरी म्हणत असे. ते नाव पुढे त्यांनी आपल्या मुलीला दिलं.

इथे मी थांबले. त्याखाली 'त्यांच्या मागे पत्नी व एक मुलगी आहे' होतं, ते मी वाचू शकले नाही. बाबा उठले, माईकपाशी आले, माझ्या हातातली पुस्तिका घेतली, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली. मग म्हणाले, हे ज्यानं लिहिलं तो माझा धाकटा भाऊ आहे, त्याच्याशी मी घरी बोलेन. पोरं हसली. त्यानंतर ते त्या शाळेबद्दल बोलले. किती वर्गांना शिकवलं, कोणत्या मुलाला झाड काढता येत नव्हतं, सगळं. चिकाटीबद्दल एक अक्षर नाही. शेवटी म्हणाले, मी दुकानात टिकलो ते बरं झालं, पण मला ते वाक्य ऐकवायला नको होतं, आणि ऐकलेलं मी पुढे द्यायला तर अजिबात नको होतं.

नंतर गर्दीत ते माझ्यासमोर उभे राहिले. माझा चष्मा काढला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून डावी काडी घट्ट केली, चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला. बस सुटेल म्हणाले आणि गेले.

मॅडमनी नोकरी कायम केली आहे. छपाई मात्र पुढल्या वर्षीपासून दुसऱ्याकडे. बाबा तुमच्याशी काय बोलले ते कळवा. चहा चालू आहे का?

तुमच्यावर रागावण्याचा बेत होता, पण जमत नाहीये. तेव्हा लोभच घ्या.

तुमची,
भिंगरी


ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या डाव्या काडीचा स्क्रू झिजला आहे. नवा या कागदाला चिकटवला आहे, बसवून घे. ज्याच्याकडून बसवशील त्याला म्हणावं, फार पिळू नको.

काका रोज येतो. त्याचा चहा चार दिवस बंद होता, काल चालू केला. चष्मा मात्र अजून त्याचा त्यानेच पुसायचा आहे.

तुमच्या पुस्तिकेत सगळ्यांचे परिचय होते, जिनं ती परिषद उभी केली तिचा नव्हता. ही चूक आहे. म्हणून मी लिहिला. ज्याच्यावर लिहायचं त्याला विचारायचं नाही असा काकाचा नियम आहे. दीड वर्ष मी तुला काही विचारलेलंच नाही, तेव्हा अडचण आली नाही.

संयोजिका. लहानपणी चष्म्याच्या दुकानात बसत असे. गिऱ्हाइकाच्या आधी समोरचा फलक मोठ्यानं वाचून टाकत असे, त्यामुळे काही लोकांना चुकीचे चष्मे गेले. दुकान सोडून गेली. सध्या दुसऱ्यांच्या मुलांना रस्ता दाखवते. चांगला दाखवते. मी शेवटच्या रांगेत बसून दिवसभर पाहिलं आहे.

चौकट घातलेली नाही.

शिंप्यानं काल पुन्हा डोकावून विचारलं, मुलगी दिसत नाही? मी सांगितलं, नोकरीला आहे, कायम झाली. तो पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला. मग म्हणाला, आणि दुकान? मी म्हटलं, मी आहे ना अजून, फोटो कसाही छापून आला तरी. तुझ्या स्टुलावर मी आता गिऱ्हाइकांना बसवतो. तू आलीस की त्यांना उठवता येईल.

लोभ होताच. मध्ये तो सांगायचा राहून गेला.

तुझा बाबा,
थोरली भिंगरी