पाऱ्याच्या बरणीतलं क्विनीन

बाबूजी,

देवरीच्या आपल्या दुकानात त्या पांढऱ्या बरण्या अजून आहेत. इंग्रज गेले त्या वर्षी गोंदियाचा गोरा डॉक्टरही निघाला, आणि जाताना आपल्या कंपाउंडरला, म्हणजे तुम्हाला, त्या देऊन गेला. विलायतेत त्याच्या पणजोबांचं औषधांचं दुकान होतं, तिथल्या त्या. चिनी मातीच्या, पोटाशी फुगीर, निळ्या पट्टीवर सोनेरी इंग्रजी अक्षरं. भाताच्या तणसात गुंडाळून तुम्ही त्या आमगावपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं आणल्यात आणि स्वतःचं दुकान थाटलंत. फळीला कोणी हात लावलेला तुम्हाला खपत नसे. गिऱ्हाईक आधी बरण्यांकडे पाही, मग तुमच्याकडे, आणि त्याचा अर्धा ताप तिथेच उतरे.

मी गोंदियाला मामाजींकडे राहून शिकत होते. मॅट्रिकच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही माल आणायला गेलात आणि दुकान माझ्यावर सोपवलंत. दुपारी चिचगडचा एक शेतकरी बायकोला गाडीत घालून घेऊन आला. हिवतापानं ती थडथड उडत होती. त्यानं मधल्या बरणीकडे बोट केलं. "त्यातली पुडी दे. तुझा बाप दरसाल तीच देते."

मी बरणी उतरवते. झाकण काढते, आत पांढरी भुकटी. पण वरची अक्षरं काही वेगळंच सांगतात. मी कपाटातलं तुमचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून ते नाव शोधते. पारा. विषारी, आणि त्याचीही भुकटी पांढरीच. मी झाकण लावून टाकते.

"हे मी नाही देणार, काका. बाबूजी संध्याकाळच्या मोटारीनं येऊन राहिले. तोवर थांबा."

"काऊन नाही देऊन राहिली? माणूस मरून राहिला इथं अन् तू पुस्तक वाचतं?"

बाजूच्या दुकानांतली माणसं जमली. सगळे मलाच बोलत होते. मी त्या बाईला आत घेतलं, आईनं तिच्या अंगावर गोधड्या टाकल्या, मी चमच्यानं पेज पाजली. ती माझं मनगट धरून पडून होती आणि तिचा नवरा दारातून माझ्याकडे असा पाहत होता, की आजही आठवलं की पाठ ताठ होते.

तुम्ही मोटारीतून उतरलात ते थेट आत. बोट बरणीत बुडवलंत, जिभेवर ठेवलंत, तोंड कडू केलंत. क्विनीनच होतं. पुडी दिलीत, आणि सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात, "तुले कोणं सांगतलं शहाणपणा करायले?"

मी म्हटलं, "आत काय हाय ते तुमाले ठाऊक हाय, बाबूजी. मले कसं ठाऊक असन? वर तं पारा लिवला हाय. उद्या खरंच पारा असला अन् मी देऊन टाकला तं?"

तुम्ही बरणी पुन्हा फळीवर ठेवलीत आणि दुकान बंद केलंत.  सकाळी पाहते तर साऱ्या बरण्या ओसरीवर मांडलेल्या, धुऊन कोरड्या केलेल्या, आणि तुमच्या हातात काळ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला.

"मले तुले वाटते तेवढं इंग्रजी येत नाही," तुम्ही खाली पाहत म्हणालात. "कोणत्या बरणीत काय, ते मी जागेवरून ओळखतो. तू लिही. आपल्या अक्षरात. सोन्यावरूनच लिही."

मी लिहिलं. तुम्ही शेजारी बसून एकेक बरणी धरलीत, रंग वाळेपर्यंत. चिचगडची बाई आठवड्यानं चालत आली आणि माझ्या ओंजळीत सीताफळं ठेवून गेली. पुढच्या वर्षी तुम्हीच मला नागपूरला औषधशास्त्र शिकायला पाठवलंत. नातेवाईक कुरकुरले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "दुकान तिचंच हाय."

मागच्या महिन्यात कोलकात्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला होता. म्हणाला, हा काळा रंग उतरवला तर खाली सोनं तसंच सापडेल, मग या बरण्यांना तोड नाही. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे टाकणार मी? गल्ल्यातच राहील. आणि खरं सांगायचं तर तुम्हाला कळावं म्हणून काही लिहिलेलं नाही, तुम्ही तर तिथे होतातच. ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं, आणि घरातल्या सगळ्यांची ती ऐकून झाली आहे.