दीड महिना दोन्ही चालू ठेवा

१९ ऑक्टोबर, रविवार सकाळ

ताई,

नमस्कार. कंबर सोडली तर इकडे सगळं जागेवर आहे. तुझ्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडताहेत, असं धरून चालतो.

परवा बसल्या बसल्या मोजलं, या घरात माझ्या हातांनी काय काय झालं. मागच्या अंगणातलं तळं, बारा फूट बाय आठ, खोली साडेतीन. कुदळ माझी, सिमेंटही मीच कालवलं. वरची लोखंडी जाळी. बसायचा बाक, ज्याचा एक पाय तू अजून आखूड म्हणतेस. तो आखूड नाही, जमीन उतरती आहे. आणि निळं पिंप. तळाशी गोटे, वर पाइपचे कापलेले तुकडे, त्यावर स्पंजाचे चार थर. पाणी परत सोडणाऱ्या नळीला एकशे बहात्तर भोकं, एकेक हाताने पाडलेलं. चौदा वर्षं त्या पिंपाने तळ्याचं पाणी गाळलं. कुठल्याही कॉलेजात न जाता केलंय हे, एवढं वाचणाऱ्याने ऐकून ठेवावं.

वाचणारा म्हणजे तुझा मुलगा. पत्र तुला तोच वाचून दाखवणार, म्हणून तर फोन न करता लिहितोय. आणि इंजिनिअर साहेब, मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

त्याने पाठवलेला नवा फिल्टर चार तारखेला बसला. "मामा, दर रविवारी पिंप उपसून कंबरेचं किती वाटोळं करून घेणार?" असं म्हणाला होता. डबा सुबक आहे. आवाज नाही, वीज निम्मी, झाकण एका हाताने उघडतं. दोष काढायला मी अर्धा तास बसलो, तेव्हा एक स्क्रू तिरका सापडला.

बसवायला आलेला फिटर जाताना म्हणाला, "काका, पिंप लगेच बंद करू नका. दीड महिना दोन्ही चालू ठेवा."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही हो. स्पंजावरच्या त्या चिकट थरातच जीव असतो ना, माशांची घाण तोच खातो. नव्या डब्यात तो धरेपर्यंत…"

"तू शाळेत होतास तेव्हापासून माहीत आहे मला हे."

माहीत होतंच, ताई. तरी तो फाटकाबाहेर पडल्याबरोबर मी पिंप बंद केलं. स्पंज काढले, नळाखाली धरले आणि पार पांढरे होईपर्यंत ब्रशने घासले. पिंप उन्हात पालथं घातलं. चौदा वर्षं राबल्यावर विकतच्या डब्याची कुबडी होऊन उभं राहायचं, हे मला पिंपाच्या वतीने सहन होईना.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी आत जाऊन मोबाइल आणला. बायको मागच्या दारातून ओरडली, "ते तडफडताहेत आणि फोटो कसले काढताय? लग्न आहे का त्यांचं?"

फोटो तुझ्या मुलाला पाठवायचे होते. पाठवले. खाली लिहिलं, 'तुमच्या इंजिनिअरिंगचा निकाल.' त्याचे तीन फोन आले, एकही घेतला नाही.

त्या दिवशी मी पाणी बदललं नाही. निम्मं पाणी बदलायला दोन तास पुरतात. बादल्या जागेवर होत्या, पंप हाताशी होता. बायकोला सांगितलं, कंबर दुखतेय. दुखत होतीच, पण त्यामुळे अडलं नव्हतं. मला तो डबा नापास व्हायला हवा होता.

दुसऱ्या सकाळी सातांतले तीन गेले. दोन माझे. तिसरी तुझी बाईसाहेब.

भावोजींनी पिशवीतून आणली तेव्हा बोटाएवढी होती. ते गेले, तू तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलीस, तेव्हा बादली माझ्याकडे देताना एवढंच म्हणालीस, "हिला हातावर खायची सवय आहे, मोडू नकोस." मोडली नाही. कुंपणाशी खड्डा केला, तिच्या मापाचा.

तेव्हापासून रोज बादल्या उपसतोय. उरलेले चार जगले. नव्या डब्यात आता थर धरायला लागलाय. त्याच्यात खोट नाही, नव्हतीच. हे वाक्य दोनदा वाच रे. तिरका स्क्रूसुद्धा झाकण उघडताना मीच पिळला होता.

ताई, थकलोय. बादल्यांनी नव्हे.

पुढच्या महिन्यात तू येशील. बाकावर बसून पाण्यात हात सोडशील, आणि बराच वेळ तसाच ठेवशील. काल माशांच्या दुकानात खाद्य आणायला गेलो आणि बोलता बोलता सगळं सांगून बसलो, तुझ्या डोळ्यांचंही. दुकानदाराने मागच्या टाकीतून एक मासा दाखवला. बाईसाहेबांसारखाच केशरी, डोक्यावर तसाच पांढरा डाग, लांबीही तीच. म्हणाला, "महिनाभर जरा कमी खायला घाला, हातावर येईल. ताईंना काय कळतंय?" आधी अठराशे म्हणाला. मी बराच वेळ टाकीपुढे उभा राहिलो, तेव्हा त्याला वाटलं घासाघीस चाललीय. शेवटी पंधराशेला द्यायला तयार होता. मी नको म्हटलं. पंधराशेलाही.

तुझा धाकटा