सदतीस नंबरचं घर

नांदेड
१६ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्कास,

उज्वलाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, तुम्हीही खुशाल असाल.

येळवशीला, वेळा अमावस्येच्या पंगतीला, शेतात यायचं कबूल करून मी आले नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. माझ्या वाटणीची भज्जी आणि आंबील कुणी संपवली? मी इथे खोलीवर डब्यातल्या थंड पोळ्या खाल्ल्या. काम फार होतं. काम म्हणजे तेच गं, मुलींनी गावोगाव भरून आणलेले प्रश्न आणि त्यांचे तक्ते. आई त्याला अजूनही बसून खायची नोकरी म्हणते.

तुझ्या रविकिरणशी बोलले. लातूरला करमतंय म्हणतो, पण क्लासच्या होस्टेलची भाजी त्याच्या घशाखाली उतरत नाही. तुझ्या हाताची सवय तूच लावलीस, आता भोग.

तुमची महिन्याची बैठक २३ तारखेला असल्याचं तुमच्या आरोग्य केंद्रातल्या महामायाताईंकडून कळलं. तिळगूळ त्यांच्याकडे तुझ्यासाठी देते आहे, पोस्टाने पाठवला तर त्याचा चुरा होईल. तेव्हा बैठक चुकवू नकोस. आजारी असलीस तरी जा.

भाऊजींना नमस्कार. परवा त्यांचा फोन आला होता, छान बोलणं झालं.

तुझी,
उज्वला

*

नांदेड
२२ जानेवारी २०२५

आक्का,

मागचं पत्र भाऊजी वाचणार हे धरूनच लिहिलं होतं. हे फक्त तुझ्यासाठी आहे. महामायाताईंनी तुला लसीकरणाच्या खोलीत बोलावून, दार लोटून हे दिलं असेल. तिथेच वाच. घरी नेऊ नकोस, त्यांच्याकडेच परत दे.

तिळगूळ खरोखरच आणला आहे. आधी एक खा.

ऑक्टोबरात आमची शिल्पा आणि तिची जोडीदारीण तुमच्या सावरवाडीत आल्या होत्या. तू गावची आशा सेविका, म्हणून घरोघर तूच त्यांना फिरवलंस. ‘माझ्या बहिणीच्या हाफिसातल्या पोरी हायत, खरं ते सांगा गं,’ असं तू बायांना म्हणालीस, हे शिल्पाने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. गावातल्या पुरुषांना पाण्याची आणि आरोग्याची पाहणी म्हणून सांगितलं होतं आणि तशी ती होतीही. पण शेवटची दोन पानं प्रत्येक घरातल्या एका बाईला एकटीला बसवून विचारायची होती. नवरा हात उचलतो का. कुणाला सांगितलंत का. सांगितल्यावर काय झालं.

विद्यापीठात माझं काम त्यापुढचं. एकशे बारा घरं माझ्या संगणकावर एकशे बारा ओळी होऊन येतात. आक्का, आम्ही ओळी वाचत नाही. वरून खाली बेरीज करतो आणि टक्के काढतो. सावरवाडीत अकरा जणींनी ‘हो’ म्हटलं होतं. मी ‘शेकडा दहा’ असं लिहिलं, इतर गावांपेक्षा कमी आहे म्हणून जरा बरंसुद्धा वाटलं, आणि चहाला गेले.

आमच्या केंद्राचा एक नेम आहे. ज्या गावाची माहिती घेतली त्या गावाला ती परत द्यायची, म्हणजे ग्रामसभेत लोकांना आपल्या गावाचा विचार करता येतो. नेम चांगलाच आहे. पाण्याचे आणि आरोग्याचे तक्ते काढून तेवढेच पाठवायचे होते. पण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी सात गावांना पाठवायचं होतं आणि मी घाईत होते. नावं पुसली, वयं पुसली, फोन नंबर पुसले आणि अख्खी यादी पाठवून दिली. नाव नाही तर माणूस नाही, असं मला वाटलं. पदवी आहे ना माझ्याकडे, म्हणून वाटलं.

घरांचे नंबर राहिले त्यात. इथे बसून बघितलं तर तो नुसता आकडा. तुमच्या गावात तो आकडा नाही. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करायची आणि उजव्या हाताची घरं धरत जायचं, अशीच आमची पद्धत आहे. दोन पोरी कुठून निघाल्या, कुठे वळल्या, हे अख्ख्या गावाने ओट्यावर बसून पाहिलं होतं. ज्याला बोटं मोजता येतात त्याला ती यादी वाचता येते. हे मला भाऊजींचा फोन येईपर्यंत सुचलं नाही.

‘काय मेव्हणीबाई,’ म्हणाले, ‘तुमची यादी बघून राहिलो. उपसरपंचाला बघावंच लागतंय. लई बारीक काम केलंय हो तुम्ही.’

मी हसले. मग ते म्हणाले, ‘त्ये सदतीस लंबरचं घर कंचं वं? त्या बाईनं नवरा मारतो म्हणून लिवून दिलंय. धाकट्या बहिणीला सांगितलं होतं म्हणं. पोरींनी मोजायला सुरुवात कुठून केली, मारुतीपासून ना?’

ओळ अजून वाचलेली नव्हती, तरी कळलं. मी पटकन म्हणाले, नाही भाऊजी, शाळेपासून.

त्यांनी पुटपुटत घरं मोजली. मग म्हणाले, ‘मंग तर शंकरप्पाचं घर येतंय की. कमलम्माला बी धाकटी बहीण हाय, उदगीरला.’ आणि हसले. ‘शंकरप्पाला इचारतो.’

फोन ठेवून मी ओळ उघडली. शिल्पाने तुझं बोलणं जसंच्या तसं भरलं आहे. हात उचलतो का, हो. शेवटचं कधी, मागच्या महिन्यात. कुणाला सांगितलं, धाकट्या बहिणीला. काय झालं, काही नाही.

आता जे तीन वर्षं लिहायचं टाळलं ते लिहिते. भाऊबीजेला आईकडे, लातूरला, तू स्वयंपाकघरात बाही वर केलीस आणि म्हणालीस, ‘उज्जे, ह्ये बघ.’ मी बघितलं. चार बोटं आणि अंगठा, सगळं वेगवेगळं मोजता येत होतं. मी म्हणाले, भाऊजी तापट आहेत गं, पण मनाचे चांगले आहेत. आणि चकलीचा साचा कुठे ठेवलाय म्हणून फडताळ उचकत बसले. तू बाही खाली केलीस. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

मला कळलं नव्हतं असं नाही. आपले वडील मला नांदेडला शिकायला पाठवत नव्हते, तेव्हा भाऊजीच त्यांना म्हणाले होते, ‘पोरगी हुशार हाय, शिकू द्या.’ त्या एका वाक्यावर मी इथवर आले. तुझा हात खरा मानला असता तर त्यांच्याशी बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं. येळवशीला आले नाही तेसुद्धा कामामुळे नाही. तुमच्या शेतात पंगतीला बसायचं म्हणजे त्यांनी आग्रहाने वाढलेलं खायचं, आणि तू शेजारी बसलेली. दर वेळी मी काही ना काही कारण काढतेच.

भीती कशाची वाटते ते सांगते. भाऊजींनी माझं खरं मानलं की मला खेळवलं, हेच मला कळलेलं नाही. त्यांना जर आधीच कळलेलं असेल तर ते कशाची वाट बघतायत? आणि त्यांनी खरं मानलं असेल तर मी कमलम्माला पुढे केलं आहे. तिने तर ‘नाही’ म्हटलं होतं. शंकरप्पा कसा माणूस आहे मला माहीत नाही. चारचौघांत चेष्टा झाल्यावर तो घरी जाऊन काय करेल, हे कुणाला माहीत असतं? तुला वाचवायला मी दुसऱ्या बाईचं दार दाखवलं, आक्का, आणि ते करायला मला क्षणभरसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या व्यंकटराव सरांना सगळं लेखी दिलं. त्यांनी डोक्याला हात लावला. चौकशी समिती पुढच्या आठवड्यात बसणार आहे. सातही गावांच्या ग्रामसेवकांनी यादी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढली, ग्रामसभेत दाखवणार नाहीत. पण भाऊजींच्या मोबाईलमधून ती कोण काढणार? नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. मी रोज दहा वेळा फोन हातात घेते आणि ठेवते. तुझ्या फोनवर काय बोलावं, शेजारी कोण आहे, काही कळत नाही. फोन वाजला की तुझ्याबद्दलच काही असेल असं वाटतं.

ग्रामसभेत उभं राहून मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे की चूक माझी आहे, आणि भाऊजींना मी खोटं सांगितलं. त्याशिवाय कमलम्मा सुटत नाही. पण तू त्या घरात असताना मी ते कसं बोलू? आणि नाही बोलले तर कसं गप्प बसू? आठ दिवस एवढंच डोक्यात आहे.

म्हणून विचारते. आज घरी परत जाऊ नकोस. माझ्याबरोबर लातूरला चल, आईकडे. रविकिरणही लातुरातच आहे. आई आधी रडेल, मग लोक काय म्हणतील म्हणेल, ते मी बघते. भाऊजी मागोमाग येतील याचीही मला भीती वाटते, ती नाही असं खोटं लिहीत नाही. महामायाताईंना पोलीस ठाण्यातल्या एक बाई माहीत आहेत, त्यांच्याशी त्या बोलल्या आहेत. तुझं नाव सांगितलेलं नाही. तू सांगशील तेव्हाच सांगू.

तू येणार नाही म्हणालीस तर तुला ओढून नेणार नाही. पण कमलम्माकडे मी आजच जाणार आहे, तू काहीही ठरवलंस तरी. बाकीच्या दहा जणींकडेही, एकेक करून. दारात उभं राहून काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

हे तू वाचते आहेस तेव्हा मी आरोग्य केंद्राच्या फाटकाबाहेर, ऑटोत बसलेली आहे. पहाटेच्या गाडीने आले. आत यायची हिंमत झाली नाही, म्हणून कागद पाठवला. तू बाहेर येऊन चार माणसांत माझ्या थोबाडीत मारलीस तरी चालेल. फक्त मागच्या दाराने जाऊ नकोस. तू येईपर्यंत मी ऑटोवाल्याला निघू देत नाही.

तेव्हा ऐकून गप्प बसलेली,
तुझी
उज्वला