मानेपर्यंतच माती

सिस्टर, तुमचं झाड गेलं. हे सांगावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. कोणी वैर धरून उपटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. भांडण मला जमतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण मागच्या हिवाळ्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलीकडे गेले, घराची किल्ली शेजारच्या भाभींकडे दिली, आणि भाभींनी माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली. परत आले तेव्हा कुंडी काठोकाठ भरलेली होती. काळीभोर माती, वर शेणखत, हाताने थापून गुळगुळीत केलेलं. मधोमध दोन तपकिरी देठ. हात लावला तर सगळं झाड अलगद वर आलं, कुजलेलं, ओल्या कापसासारखं.

"मुळ्या उघड्या पडल्या होत्या, मॅडम," भाभी म्हणाल्या. "बघवेना मला. उघडी कशी ठेवायची? अच्छा नहीं किया क्या?"

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई असं बोलते हे ऐकून तुम्ही मला सबंध तास व्हरांड्यात उभं केलं असतं.

मुळ्या नव्हत्या त्या, मान होती. तुमचाच शब्द. रानस्ट्रॉबेरीला खोड म्हणून काही दिसतच नाही. मुळं आणि पानं जिथं भेटतात ती आखूड गाठ, तेच तिचं खोड आणि तिथंच तिचा जीव. गाठ मातीत गेली की कुजते, फार वर राहिली की वाळते. "माती मानेपर्यंत, चाईल्ड. वर कण नको. तुला पुरलं तर चालेल?" तुमचं मराठी कोकणीच्या वळणाचं, प्रत्येक वाक्य शेवटी जरा वर जाणारं. त्यामुळे रागावलात तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटायचं आणि आम्ही मूर्ख मुली उत्तर द्यायचो.

स्वयंपाकघराची मागची बाजू मला आजही दिसते. उत्तरेची भिंत, रांजणांचा ओटा, झिरपणारं पाणी खालच्या वाफ्यात उतरतंय. बाहेर एप्रिलचं ऊन आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तुम्ही पांढरा झगा गुडघ्यापर्यंत भिजवून वाफ्यावर ओली पोती टांगताय. हिमालयातल्या कुठल्याशा कॉन्व्हेंटमधून तुम्हाला इथं पाठवलं, तेव्हा हे एक रोप ओल्या शेवाळात गुंडाळून मांडीवर घेऊन आलात. आगगाडीत झोप नाही, जेवण नाही, पण रोपाला पाणी. बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, देवापेक्षा हिलाच जास्त आळवते. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, थंडीत करंगळीच्या नखाएवढी फळं. आणि काय तो वास. आता क्रांती चौकात गाडीवर डबे भरून मुठीएवढ्या स्ट्रॉबेऱ्या विकतात, दिसायला लालभडक, आणि वासाच्या नावाने पुठ्ठा. मी विकणाऱ्याला तसं तोंडावर सांगितलंय.

एक फळ मी चोरून खाल्लं होतं. तुम्ही मागेच उभ्या होतात.

"काय खाल्लंस?"

"फळ, सिस्टर."

"नाही."

मला कान धरून न्याल म्हणून मी रडायच्या तयारीत, आणि तुम्ही मला प्रयोगशाळेत नेऊन भिंगाखाली दुसरं फळ ठेवलंत. सुईने त्याच्यावरचा एक दाणा काढलात. हे फळ. असा प्रत्येक दाणा एकेक फळ, आत एकेक बी. लाल गर म्हणजे फुलाचं बूड फुगलेलं, मराठी पुस्तकातलं पुष्पासन. "पाहुणे टाकून तू आसन खाल्लंस," तुम्ही म्हणालात, आणि ते भिंगाखालचं फळ माझ्या हातावर ठेवलंत. पुढे मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. मुलांपुढे हेच वाक्य दरवर्षी माझं म्हणून फेकलं, आणि दरवर्षी पोरं हसली.

मग तुमच्या बदलीचा हुकूम आला. केस पिकलेल्या बाईला एक ट्रंक देऊन पुन्हा उठवलं, कुठे ते आम्हाला नीट सांगितलंही नाही. याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणार नाही, आज्ञापालनाचं तुम्ही कितीही सांगितलं तरी. जायच्या दिवशी तुम्ही मला मागे बोलावलंत. झाडाने एक लांब धावतं खोड सोडलं होतं, त्याच्या टोकाला इवलंसं रोप. डोक्यावरच्या कापडाची एक पिन काढून वाकवलीत, दुधाच्या पावडरीच्या डब्यातल्या मातीत ते टोक पिनेने टाचलंत. रुजलं की कापून ने, म्हणालात. मी विचारलं, हे तुमच्या झाडाचं पिल्लू का? "पिल्लू बीचं होतं. हे तीच आहे. तिनेच इथून उठून तिथं बसायचं." तुमच्या कापडाची एक बाजू सैल पडून गालावर आली होती. ती सावरायला तुम्ही हात वर नेले नाहीत, मातीने भरले होते म्हणून. मला तुम्ही आठवता त्या तशाच.

तुम्ही गेल्याचं मला माजी विद्यार्थिनींच्या एका मेळाव्यात कळलं, जेवणाच्या रांगेत, ताट हातात असताना. "अगं, त्या कधीच गेल्या. तुला माहीत नाही?" तुमच्यावर माती पडली तेव्हा मी नव्हते. कोणत्या गावाची माती तेही विचारून विचारून कळलं नाही. शाळेतला वाफा काढून तिथं पेव्हर ब्लॉक बसवले. तेव्हापासून ती रानस्ट्रॉबेरी फक्त माझ्याकडे होती. शहराचं नाव बदललं, नळाला पाणी मात्र अजून आठवड्यानेच येतं. त्यातला तिचा वाटा मी आधी काढून ठेवायचे. उन्हाळ्यात कूलर तिच्या तोंडावर. म्हातारी झाडासाठी वीज जाळते, असं नातेवाईक म्हणतात. जाळते. माझं पेन्शन आहे.

भाभी चार दिवस आल्या नाहीत. मग दारात उभ्या, हातात नर्सरीतली पिशवी. "मॅडम, ये भी वही है ना? तीन पत्ते, लाल फळ." पिशवीतल्या रोपाला पिवळं फूल होतं. पिवळं म्हणजे नकली स्ट्रॉबेरी. दिसायला सख्खी बहीण, चवीला नुसतं पाणी. मी "नाही" म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी ओढणीखालून एक बशी काढली. "तुम्ही नव्हतात तेव्हा एक पिकलं होतं, मॅडम, तुमच्यासाठी ठेवलं, पण सुकून गेलं," म्हणाल्या. बशीत तुमच्या झाडाचं शेवटचं फळ होतं, वाळून मण्याएवढं झालेलं, अंगभर दाणे. मी भाभींना आत बोलावलं, चहा केला. पिवळ्या फुलाचं रोपही ठेवून घेतलं. आता त्याला पाणी घालते.

दाणे सोडवून, कागदाच्या पुडीत बांधून फ्रीजच्या दारात ठेवले. डोंगरातलं बी आहे, थंडी सोसल्याशिवाय नीट उगवत नाही. शिवाय ऊन सुरू झालं होतं, तेव्हा पेरण्यात अर्थ नव्हता. कसं पेरायचं ते मला पाठ आहे: ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही, उजेड हवा. कुंडी रिकामी केली तेव्हा तळाशी, डब्यातल्या मातीबरोबर आलेली तुमची पिन सापडली, गंजून काडीसारखी झालेली. ती खिडकीत ठेवली आहे. उगवलं तर ते पिल्लू असेल, सिस्टर, ती नसेल. तुमच्या बोटांनी टाचलेलं आता काहीच नाही.

दिवाळी होऊन गेली. पहाटे शाल लागते, कुंडी धुऊन उन्हात वाळवली आहे, भाभी रोज विचारतात, "डाले क्या मॅडम?" मी सांगते, अजून थंडी लागायची आहे बियांना. खरं तर थंडी त्यांना केव्हाच पुरेशी लागली. दूध काढायला फ्रीज उघडते, पुडी दिसते, आणि मी दार लावून घेते.