भागीचा मिटलेला जबडा

शहापूर, ३ जानेवारी १९३९
किन्हवलीची कोंडाबाई मुलीला घेऊन दवाखान्यात आली. भागी, वय सतरा. लहानपणी गोवरानंतर उजवा कान फुटला, पू वाहत राहिला. तेव्हापासून जबडा मिटला तो मिटलाच. दातांत चमच्याची कडसुद्धा जाईना. हनुवटी उजवीकडे सरकलेली. एक दात पडलाय, त्या फटीतून पेज शोषते. "एकडाव भाकर चावायची हाय," दात मिटूनच बोलली. कानापुढे बोट ठेवून पाहिलं. सांधा हलत नाही. हाडाला हाड जुळलंय.

५ जाने.
शरीररचनेचं जुनं पुस्तक काढलं. सांध्याच्या मागून कानशिलाकडे जाते ती एक धमनी. दुसरी, मोठी, जबड्याच्या हाडाची सांध्याखाली निमुळती मान असते तिच्या आतल्या अंगाला चिकटून. हाड कापताना पटाशी जवभर जास्त गेली की... आणि ती इतकी आत की चिमट्यात सापडायची नाही. माझ्याच्याने होणे नाही. मुंबईला पत्र टाकलं.

१६ जाने.
मुंबईच्या सर्जनचं उत्तर. घेऊन या म्हणतात. क्लोरोफॉर्मखाली ओकारी झाली तर तोंड उघडता येणार नाही, म्हणून श्वासासाठी आधी गळ्याला भोक पाडणार. कोंडाबाईला सगळं सांगितलं, रक्ताचंही. ती म्हणाली, "तुमी सांगता त जाऊ." मी जा म्हटलं.

मुंबई, २ फेब्रु.
आसनगावहून गाडीने मीही बरोबर आलो. ऑपरेशन झालं, मी शेजारी उभा. हाड दगडासारखं, त्याची मान कुठे संपते तेच कळेना. शेवटच्या टवक्याला रक्त उसळलं. बोळे कोंबले, भिजले, पुन्हा कोंबले. शेवटी मानेतली मोठी रक्तवाहिनी बांधली. तरी झिरपतच होतं, दुसऱ्या बाजूच्या शाखा येऊन मिळतात ना. हाडात हवी तेवढी फट पाडता आली नाही. बोळे आत ठेवून टाके घातले.
जगली.

१९ फेब्रु.
तोंड एक बोट उघडतं. रोज दातांत लाकडी पाचर घालायची, दुखलं तरी. उजवा डोळा मात्र मिटत नाही, तिथली नस दुखावली. याबद्दल मी मायलेकींना आधी काही बोललोच नव्हतो.

शहापूर, ९ एप्रिल
भागी आली. आता अर्धंच बोट. पाचर घालतेस का विचारलं. "घालतंय. रगत येतं." आई म्हणाली, "रडते वो, मंग मीच काढून टाकते." रागावलो. नंतर जेवण गेलं नाही.

२८ जुलै
जबडा पुन्हा बंद. भागी पेजेवरच. मुंबईचंही पत्र आलं: जखम भरताना आत घट्ट व्रण धरलाय, धमन्या आता कुठे सरकल्यात सांगता यायचं नाही, पुन्हा हात घालणार नाही.
कोंडाबाईला वाचून दाखवलं. मग म्हणाली, "मंग तुमीच करा. तुमी बघितलंत ना."
भागी उघड्या डोळ्यावरची माशी हाताने उडवत राहिली.
गुरुवारी सांगतो म्हटलं. काय सांगणार, ते मलाच ठाऊक नाही.