एरंडेलाचं हसू

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. आईच्या माघारी आत्याने आपल्या दोघींचं सगळं केलं. आज ती अर्धांगाने अंथरुणाला खिळली, वाचा गेली, तर तुला तिची किळस येते? तिचं करताना तू उठताबसता शी शी करतेस, हे मला वाचवेना. प्रेम सेवेतूनच दिसतं, असं आमच्या ऑफिसातल्या व्याख्यानात एका बाईंकडून परवाच ऐकलं. तेव्हा कृपा करून हसतमुखाने कर. सुट्टी मिळाली की येतेच.

उपदेशाने लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

त्या व्याख्यानवाल्या बाईंना इकडे पाठवून दे. पाठीवरच्या जखमेतला पू पुसून जेवायला बसलं की घास तोंडात नुसता फिरतो. हात कितीही चोळले तरी नखांतला वास जात नाही. मला किळस येते, आणि येणारच.

तरी तुझ्या शब्दाखातर हसायला लागलेय. नाक मुरडत नाही, तोंडातून ब्र काढत नाही. आत्याही माझ्याकडे बघून हसते. पण ती वाळत चाललीय गं. असंच चाललं तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. दुधात भिजवलेला पाव भरवते तो सगळा संपतो, मग जातो कुठे? जिवाला घोर लागलाय.

लोभ ठेव, आणि चांगला वासाचा साबण पाठव.
ताई

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पाव सापडला. आज उशीचा अभ्रा काढला, तर आत आंबलेला, बुरशी धरलेला लगदा आणि त्यावर मुंग्या. मला ओकारीच आली. आत्या गालात घास धरून हसायची आणि माझी पाठ वळली की थुंकून चालत्या हाताने अभ्र्यात सारायची. लहानपणी एरंडेल तोंडात धरून मी अगदी अशीच हसायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे, आठवतं? माझं ते हसू तिच्याइतकं कोण ओळखणार? पोटात काही गेलं नाही तर घाण होणार नाही, आणि मला तसं हसावं लागणार नाही, एवढंच तिच्या मनात.

माझं डोकंच फिरलं. नाकाला फडकं लावून तिला चांगली फैलावर घेतली. शी, किती ही घाण, लाज कशी वाटत नाही, माझ्या हातांची सालं निघाली. सगळे तिचेच शब्द. आपण अंथरूण ओलं केलं की शेजारीपाजारी ऐकतील असं बोलायची, आणि बोलता बोलता धुऊन, कोरडं करून कुशीत घ्यायची. ऐकताना तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं रडतेय, तर हसत होती! लाळ गळेपर्यंत हसली. मग पाव खाल्ला आणि तोंड उघडून दाखवलं, एरंडेलानंतर मला दाखवायला लावायची तसं.

संध्याकाळी तिने गादीपर्यंत सगळं घाण करून ठेवलं. काय तो वास, शी! मी ओरडत होते, ती हसत होती, आणि मला रडू आवरत नव्हतं.

लोभ आहेच. येशील तेव्हा ते व्याख्यान तिकडेच ठेव, साबण तेवढा आण.
ताई